हौदातलं पाणी केळीच्या आळ्यात

दादाने कर्जतजवळ बंगला बांधला तेव्हा मागे पोहायला तलाव हवाच, हा वहिनीचा हट्ट. आठ मीटर लांब, चार मीटर रुंद, एका टोकाला एक मीटर खोल, दुसऱ्या टोकाला दीड. म्हणजे साधारण ४० हजार लिटर पाणी. दोन वर्षांनी दादा-वहिनी लेकीकडे मेलबर्नला गेले, तिकडचा मुक्काम लांबत गेला, आणि किल्ल्यांचा जुडगा डोंबिवलीला माझ्याकडे आला. मला पोहता येत नाही, हे इथेच सांगून टाकते.

बंगल्याची देखरेख करणारे मामा गावातलेच. ते तलावाला ‘हौद’ म्हणतात आणि रोज सकाळी तीन तास, संध्याकाळी तीन तास मोटार चालवतात. मे महिन्यात त्यांचा फोन आला, "ताई, हौद रोज चार बोटं खाली जातोय. परत टँकर सांगू का?" दहा हजार लिटरचा टँकर, तोही आठ दिवसांत दुसरा! आजूबाजूच्या वाड्यांवर बायका हंडे घेऊन टँकरची वाट बघत असताना आपण पोहायच्या पाण्यासाठी टँकर मागवायचा, याची लाज वाटली ती वेगळीच.

एका ठेकेदाराला बोलावलं. त्याने काठावरून दोन फेऱ्या मारल्या, तळाच्या फरशीकडे बोट दाखवलं आणि म्हणाला, "तळ फुटलाय मॅडम, सगळी टाइल काढावी लागेल." सांगितलेला आकडा सहा आकडी होता. मी चहा पाजून त्याला वाटेला लावलं.

आमच्या सोसायटीच्या टाक्या बघणारा प्लंबर अनुभवी माणूस. त्याला फोन केला तर म्हणाला, "फोडाफोड नंतर. आधी बादली ठेवा." उपाय इतका साधा की आपल्याला का सुचला नाही असं वाटावं. तलावाच्या पहिल्या पायरीवर बादली ठेवायची, तिच्यात बाहेरच्याइतकंच पाणी भरायचं, आत-बाहेर दोन्हीकडे पेन्सिलने खूण करायची. उन्हाने उडेल ते पाणी दोन्हीकडे सारखंच उडेल. तलाव जास्त उतरला तर ती गळती.

पहिला दिवस मोटार चालू. बादलीत जेमतेम सात मिलिमीटर उतरलं, तलावात चार सेंटिमीटर. आठ बाय चारच्या तलावात एक सेंटिमीटर म्हणजे ३२० लिटर. उन्हाचा वाटा सोडला तरी हजारेक लिटर कुठेतरी जात होतं. दुसऱ्या दिवशी मामांना मोटार अजिबात लावू दिली नाही. ते नाराज झाले, "पाणी हिरवं होईल" म्हणाले. संध्याकाळी मी पायरीवर गुडघे टेकून बघितलं तर दोन्ही खुणा सारख्याच उतरलेल्या. म्हणजे तळ शाबूत होता. पाणी जात होतं ते मोटार चालू असतानाच.

मग मी मोटारीच्या खोलीत स्टूल टाकून बसले आणि पाण्याचा रस्ता हाताने चाचपत गेले. तलावातून दोन नळ निघतात. एक काठावरच्या स्किमरमधून, जो वरची पानं आणि तेलकट थर ओढतो, आणि दुसरा तळाच्या जाळीतून. (तळाच्या जाळीचे स्क्रू ढिले नाहीत ना, हे मुलं पाण्यात उतरण्याआधी बघाच, मोटारीची ओढ केसांना सोडत नाही.) दोन्हींना आपापला व्हॉल्व, पुढे दोन्ही एकत्र होऊन मोटारीच्या तोंडाशी असलेल्या जाळीच्या डब्यात. मोटार ते पाणी वाळूच्या मोठ्या फिल्टरमध्ये ढकलते, वाळूतून गाळून ते परत भिंतीतल्या तोट्यांनी तलावात येतं. एवढंच वर्तुळ.

फिल्टरच्या डोक्यावर सहा खुणांचा व्हॉल्व असतो. ‘फिल्टर’वर पाणी वाळूतून वरून खाली जातं. ‘बॅकवॉश’वर ते खालून वर उसळतं, वाळू फुलते आणि अडकलेला मळ बाहेरच्या नळीने निघून जातो. त्यानंतर थोडा वेळ ‘रिन्स’, म्हणजे वाळू परत बसते आणि पहिलं गढूळ पाणी तलावात न जाता बाहेर पडतं. ‘वेस्ट’वर वाळू गाठायचीच नाही, थेट बाहेर, पावसाळ्यात तलाव काठोकाठ भरला की हेच उपयोगी. उरलेले दोन म्हणजे वाळू टाळून नुसतं फिरवणं आणि पूर्ण बंद.

मळाची नळी जिथे निघते तिथे एक पारदर्शक डबी बसवलेली असते, बॅकवॉशचं पाणी नितळ झालं की नाही ते दिसावं म्हणून. हँडल ‘फिल्टर’वर होतं, म्हणजे ती डबी स्थिर असायला हवी. माझ्या डोळ्यांसमोर तिच्यातून बारीक धार वाहत होती.

नळी जमिनीत जाते, भिंतीपलीकडे निघते. मी वळसा घालून गेले. तिथे मामांची केळी होती. सगळ्या आवाराचं गवत वाळून पिवळं झालेलं, आणि ही पाच-सहा झाडं पोपटी, तुकतुकीत, दोन घड लोंबकळणारे. आळ्यात पाऊल रुतलं. "यंदा केळी छान आलीये," मामा मागून अभिमानाने म्हणाले.

कारण त्यांच्याच बोलण्यातून निघालं. बॅकवॉश मारताना ते मोटार चालूच ठेवून हँडल फिरवत. या व्हॉल्वच्या पोटात चाकाच्या आऱ्यांसारखं रबरी गॅस्केट असतं, तेच प्रत्येक वाट दुसरीपासून वेगळी ठेवतं. पाण्याचा जोर असताना हँडल फिरवलं की ते आपल्या खाचेतून उचकटतं आणि दाबाचं पाणी मळाच्या नळीत शिरतं. मामांची चूक तरी काय म्हणायची? त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. मलाही नाही.

प्लंबर रविवारी आला. मेन स्विच पाडला, व्हॉल्व बंद केले, मार्करने झाकणावर आणि खालच्या भांड्यावर एक उभी रेघ मारली, म्हणजे परत बसवताना दिशा चुकत नाही. झाकणाखाली जाड स्प्रिंग होती, गॅस्केटची एक दांडी वर येऊन दुमडली होती. नवीन गॅस्केट बसवलं, स्क्रू समोरासमोरचे असे आळीपाळीने आवळले. तासाभराचं काम.

आणि मोटार लावली तर पाणीच ओढेना! आमची मोटार तलावाच्या पातळीपेक्षा थोडी वर आहे, त्यामुळे तिला हवा धरायला निमित्तच लागतं. जाळीचा डबा पाण्याने भरून झाकण लावलं, घरघर झाली आणि परत सुकी. प्लंबरने झाकणाखालची रबरी रिंग काढून माझ्या तळहातावर ठेवली. वाळूचा एक कण चिकटलेला, खसखशीएवढा. तेवढ्या फटीतून मोटार पाण्याऐवजी हवा पीत होती. रिंग पुसली, सिलिकॉन ग्रीसचं बोट फिरवलं, डबा पुन्हा भरला. मिनिटभरात तोट्यांतून आधी बुडबुडे आणि मग सलग धार आली.

दाबाच्या काट्याकडे मी तोवर कधी बघितलंच नव्हतं. आता खोलीच्या दारावर मामांनी खडूने लिहून ठेवलंय: स्वच्छ वाळूला अर्धा किलो दाब, मळ साचून एक किलोवर गेला तर बॅकवॉश. काटा नेहमीपेक्षा खाली पडला तर अडथळा मोटारीच्या अलीकडे, म्हणजे आधी जाळी आणि स्किमरमधली पानं बघायची. बादली मी पुन्हा ठेवली. मोटार चालू असूनही दोन्ही खुणा बरोबर उतरल्या.

दहा-बारा दिवसांनी फोन येतो. "ताई, काटा एकवर आलाय."

"आधी काय बंद करायचं, मामा?"

"मोटार. मग हँडल. ठाऊक आहे हो." थोडं थांबून, "केळीला मात्र आता रोज दोन बादल्या ओढाव्या लागतात."