प्रोग्रॅम मोडची बेरीज

शाळेच्या महोत्सवाच्या स्मरणिकेत आठवणी लिहिणारे पुष्कळ आहेत. माझा धंदा फोटोग्राफीचा, तेव्हा महोत्सवात ज्याच्या गळ्यात शाळेचा कॅमेरा पडेल, त्याच्या उपयोगाचं लिहितो. तो कॅमेरा बहुधा ‘पी’वरच, म्हणजे शटर आणि ॲपर्चर स्वतःच ठरवणाऱ्या प्रोग्रॅम मोडवरच असेल.

गुणाकाराची बेरीज करून देणारा लॉगॅरिदम आपल्यातल्या बहुतेकांनी बोर्डाच्या परीक्षेनंतर सोडून दिला. कॅमेऱ्याचं पान मात्र त्यावाचून हलत नाही. प्रकाश निम्मा झाला, की एक गुण वाढतो. शटरच्या (ते किती वेळ उघडं राहतं) १ सेकंदाला ० गुण, १/६० ला ६, १/१२५ ला ७, १/२५० ला ८. ॲपर्चरच्या (लेन्सचं भोक, एफचा आकडा मोठा तेवढं ते बारीक) एफ/१ ला ०, एफ/४ ला ४, एफ/५.६ ला ५, एफ/८ ला ६. मीटर उजेड मोजून सांगतो की बेरीज १२ हवी. मग १/१२५ आणि एफ/५.६ चालेल, १/६० आणि एफ/८ सुद्धा, प्रकाश तेवढाच. आयएसओ, म्हणजे प्रकाशाची संवेदनक्षमता, १०० असताना भर उन्हात बेरीज १५ च्या आसपास येते.

यातली कुठली जोडी घ्यायची, हे कारखान्यातच आखून दिलेल्या एका रेषेवर ठरतं. उजेड कमी असला की ॲपर्चर पूर्ण उघडं राहतं आणि शटर एकटंच बदलतं. हातात धरून फोटो हलणार नाही इतका वेग मिळाला, की पुढचा वाढीव उजेड दोघांत वाटला जातो: थोडं शटर वेगवान, थोडं ॲपर्चर बारीक. हा वेग साधारण १ भागिले लेन्सवर मि.मी. मध्ये लिहिलेली फोकल लेंथ, ५० मि.मी. ला १/५० च्या आसपास, प्रकाश टिपणारा सेन्सर लहान असेल तर १/८०. एसएलआरमध्ये, म्हणजे लेन्समधूनच पाहायच्या कॅमेऱ्यांत, इलेक्ट्रॉनिक प्रोग्रॅम १९७८ च्या कॅनन ए-१ ने आणला. लांब लेन्स लावली की वेगवान रेषा आपोआप निवडण्याची सोय १९८३ च्या निकॉन एफए मध्ये होती.

समोर काय आहे, याचा पत्ता या रेषेला नसतो, आणि घोटाळा तिथेच होतो. स्नेहसंमेलनाचं लेझीम घ्या. हॉलच्या दिव्यांत, आयएसओ १६०० वर बेरीज १० आली, की कॅमेरा १/६० आणि एफ/४ देऊन समाधानी. हात न हलवणाऱ्याला १/६० पुरतो, लेझीम हलवणाऱ्याला नाही. चेहरे बरे येतात आणि मनगटांचा धूर होतो. १/५०० हवा, म्हणजे ९ गुण. लेन्स एफ/२.८ पर्यंत उघडत असेल तर तिचे ३. एकूण १२, म्हणून आयएसओ दोन पायऱ्या चढवून ६४००. कॅमेऱ्यावरचं चाक फिरवलं की बेरीज तीच ठेवून जोडी बदलते. याला प्रोग्रॅम शिफ्ट म्हणतात. कॅमेऱ्याबरोबर येणारी किट लेन्स ५५ मि.मी. वर एफ/५.६ च्या पुढे उघडत नाही, तिथे चाक कितीही फिरवा, १/५०० हाती लागत नाही. निमूटपणे झूम वाइड करून स्वतः पुढे सरकावं.

वर्गाच्या ग्रुप फोटोत उलटी गरज: सगळ्या रांगा स्पष्ट याव्यात म्हणून ॲपर्चर बारीक हवं. सावलीत, आयएसओ २०० वर १/१२५ आणि एफ/५.६ आले, तर मागच्या रांगा अस्पष्ट पडू शकतात. चाकाने एफ/८ केलं की शटर १/६० वर उतरतं आणि पाचवीतली मुलं तेवढा वेळ स्थिर राहतील ही आशा सोडा. आयएसओ ४०० करा: एफ/८, १/१२५. फोकस पहिल्या रांगेच्या थोडं मागे. शिफ्ट वापरताना ऑटो आयएसओ बंद ठेवलेला बरा, नाहीतर एकाच वेळी तीन आकडे हलतात आणि हिशेब लागत नाही.

दोन्ही आकडे लुकलुकू लागले तर बेरीज कॅमेऱ्याच्या आवाक्याबाहेर गेली आहे. अंधारात आयएसओ वाढवा, उन्हात कमी करा.

संचलनात पांढऱ्या गणवेशाची आख्खी तुकडी चौकटीत आली, की मीटर तिला करडी करतो. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे मीटरच्या बेरजेत हाताने केलेली दुरुस्ती, प्लस १ द्या. फळ्यासमोरच्या शिक्षकांना मायनस १. काम झाल्यावर ही दुरुस्ती शून्यावर आणा, कारण बहुतेक कॅमेऱ्यांत ती आपोआप परत येत नाही.