साखर नव्हे, रेंव

तयेचा, म्हणजे हरितालिकेचा दिवस होता. दुसऱ्या दिवशी चतुर्थी, त्यामुळे गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या आमच्या आरोग्य केंद्रात शुकशुकाट. माटोळीचं, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या फळापानांच्या मांडवीचं सामान गोळा करायच्या धांदलीत ताप-खोकला कोण घेऊन येणार? दुपारी दोनच्या सुमारास एक व्हॅन थेट पायऱ्यांशी येऊन थांबली. ‘‘दोतोर, मांय उलयना!’’

उलयना म्हणजे बोलत नाही, आणि मांय म्हणजे सासू. पासष्टीच्या, माझ्याच पेशंट. साडी घामाने चिंब, हाक मारली तर नुसता हुंकार. सिस्टरनी बोटाला सुई टोचली. शुगर फक्त 41. शिरेतून 25 टक्के डेक्स्ट्रोज, म्हणजे साखरेचं द्रावण, 100 मिली सोडलं आणि पाचेक मिनिटांत आजींनी डोळे उघडून पहिला प्रश्न विचारला, माटोळी बांधली का?

तयेचा कडक उपास आणि सकाळी रिकाम्या पोटी मधुमेहाची गोळी, ग्लिमेपिराइड. ही गोळी रक्तात साखर कमी असली तरी स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला लावते. उलगडा झाला असं समजून मी केसपेपर लिहायला घेतला.

तेवढ्यात सून म्हणाली, ‘‘तुम्ही सांगितलं होतं म्हणून मी साखर भरवली होती. पण थुंकून टाकली. म्हणे, रेंव कित्याक घालता तोंडांत?’’

सिस्टर हसल्या. माझा हात मात्र थांबला. गुळमट नाही, कडू नाही, रेंव! वाळू! मधुनाशिनीचं, म्हणजे गुडमारचं पान चघळल्यावर साखर वाळूसारखी लागते, हे वाक्य विद्यार्थी असताना वाचलेलं. पानातली जिम्नेमिक आम्लं जिभेवर गोडाची जाणीव अडवतात, साधारण अर्धा-पाऊण तास. म्हणजे पान तासाभराच्या आतच चघळलेलं असणार.

‘‘आजी, पाला खाल्लात?’’

त्यांनी निमूट पदराची गाठ सोडली. आत चार सुकत चाललेली पानं. वहिनीच्या कुळागराच्या, म्हणजे सुपारीच्या बागेच्या कुंपणावरचा वेल, दोन महिने चालू होता. ‘‘मग मी श्रावणात विचारलं तेव्हा दुसरं औषध नाही म्हणालात?’’

‘‘तें वखद न्हय, पालो.’’

औषध नव्हे, पाला. खोटं बोलल्या नव्हत्याच. प्रश्न माझा चुकला होता. उपाशीपोटीची शुगर 190 बघून मी ग्लिमेपिराइड एकवरून दोन मिलिग्रॅम केली होती, आणि इकडे पाला सुरूच. तयेच्या दुपारी घाम फुटला, हात थरथरले. आजींना वाटलं शुगर चढली. म्हणून आणखी दोन पानं तोंडात. पाठोपाठ सुनेची साखर, ती रेंव ठरली. 41पर्यंत उतरायला उपास किती कारण, गोळी किती आणि पाला किती, याची वाटणी मला आजही करता येणार नाही.

आमचा तरुण डॉक्टर ‘‘झाडपाला!’’ म्हणून नाक मुरडू लागला. त्याला म्हटलं, तू दिवसाला पन्नास पर्च्यांवर मेटफॉर्मिन लिहितोस, तिचं कूळ युरोपातल्या गॅलेगा या रानटी झुडपापर्यंत जातं. त्यातलं मूळ द्रव्य विषारी निघालं. त्याच्या नात्यातल्या रसायनातून घडलेली मेटफॉर्मिन जाँ स्टर्न यांनी 1957 मध्ये मधुमेहासाठी पुढे आणली. गोळीत 500 मिलिग्रॅम आहेत हे छापलेलं असतं. आजींच्या पदरात किती होतं, ते कोण मोजणार?

संध्याकाळी मुलगा आईला न्यायला आला. मी सोडलं नाही, तो धुसफुसला. ग्लिमेपिराइडचा अंमल दिवसभर टिकतो. रात्री नऊला शुगर पुन्हा 63. पुन्हा डेक्स्ट्रोज, रात्रभर ड्रिप, दर दोन तासांनी बोटाला सुई. चतुर्थीच्या सकाळी 140 बघून मगच घरी धाडलं, पुढच्या तपासणीपर्यंत ग्लिमेपिराइड बंद करून.

पाला बंद करा म्हटलं असतं तर लपून चघळला असता. म्हणून एवढंच सांगितलं, की जे खाल ते मला दाखवा आणि गरगरलं की पान नाही, साखरपाणी. चव रेंवेची लागली तरी गिळायचं. पोटात गेली की ती साखरच. सुनेला वेगळं बजावलं, शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीच घालायचं नाही, 108 ला फोन.

चार दिवसांनी मुलगा नेवऱ्यांचा, म्हणजे करंज्यांचा डबा घेऊन आला. आजींनी केसपेपरसाठी ठेवून दिलेली दोन पानं माझ्या ड्रॉवरमध्ये होती. दार लोटून घेतलं, एक नीट चघळलं, कडवट, जरा तुरट. मग नेवरी तोडली. खोबरं लागलं, वेलची लागली, तळलेलं पीठ लागलं. साखर जिभेवर नुसती करकरली.