आमची वाटचाल: नौपाड्यातला गाळा आणि डब्यातले पेन ड्राइव्ह

२००९च्या गुढीपाडव्याला नौपाड्यात, गोखले रोडच्या आतल्या गल्लीत, जिन्याखालच्या एका गाळ्यात आम्ही दुकान उघडलं. आम्ही म्हणजे मी आणि माझा धाकटा मेहुणा. मी ठाण्याच्या आयटीआयतून इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिकचा ट्रेड केलेला, नंतर सहा वर्षं वागळे इस्टेटमध्ये कॉम्प्युटर दुरुस्तीच्या नोकरीत. मेहुण्याचं बी.कॉम. झालेलं होतं, हिशेब त्याच्याकडे. डिपॉझिटसाठी बायकोने दोन बांगड्या मोडल्या. त्या दिवशी स्वागतयात्रेच्या ढोलांचा आवाज आत गल्लीपर्यंत येत होता आणि दुकानात गिऱ्हाईक एकही नव्हतं. संध्याकाळी शेजारच्या शिंपीकाकांनी त्यांचा बिघडलेला कीबोर्ड आणून दिला. तीच बोहनी.

पहिली तीन-चार वर्षं असेंबल केलेले डेस्कटॉप, फॉरमॅट आणि व्हायरस यांतच गेली. आठवड्यातून दोनदा दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरायचं, लॅमिंग्टन रोडवरून रॅम, एसएमपीएस, पंखे पिशवीत भरायचे आणि दुपारपर्यंत परत. पुढे घरोघरी लॅपटॉप आले आणि आमचं कामच बदललं. डेस्कटॉपमध्ये एखादा भाग गेला तर तो बदलता येतो. लॅपटॉपमध्ये जवळजवळ सगळं एकाच बोर्डावर, म्हणजे मदरबोर्डवर असतं, त्यामुळे निदान चुकलं की गिऱ्हाइकाच्या खिशाला थेट आठ-दहा हजारांची कात्री लागते. हे मला कळत होतं, पण ते अंगाला लागलं २०१३च्या पावसाळ्यात.

कळव्याच्या एक मॅडम होत्या, ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवायच्या. त्यांच्या एचपीच्या लॅपटॉपचा पंखा सारखा घोंघावत होता. मी तो उघडून साफ केला, उष्णता वाहून नेणारी पेस्ट बदलली, तरी आवाज थोडा राहिलाच. त्या मॉडेलच्या नव्या बायोसमध्ये (लॅपटॉप सुरू करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) पंख्याचं नियंत्रण सुधारल्याचं कंपनीने लिहिलं होतं, म्हणून मी बायोस अपडेट करायला घेतला. चार्जर जोडलेला होता. बॅटरी ६२ टक्के दाखवत होती. यूपीएस होता, पण तो आमच्या हिशेबाच्या कॉम्प्युटरला जोडलेला, कामाच्या टेबलाला नाही. पडद्यावरची अपडेटची पट्टी निम्म्यावर आली आणि लाईट गेली. त्या बॅटरीच्या ६२ टक्क्यांत काहीच अर्थ नव्हता. ती इतकी थकलेली होती की चार्जरचा आधार सुटताच लॅपटॉप काही सेकंदांत बंद पडला.

लाईट आल्यावर बटण दाबलं. पंखा फिरला, पडदा काळा. कॅप्स लॉकचा दिवा दोनदा लुकलुकायचा, थांबायचा, पुन्हा दोनदा. मी बॅटरी काढली, रॅम काढून परत लावली, बायोसचा छोटा सेल काढून ठेवला. तासाभराने पुन्हा तेच. मॅडमना फोनवर म्हणालो, "थोडा वेळ लागेल." खरं काय झालंय ते सांगायची हिंमत त्या दिवशी झाली नाही, आणि ती गोष्ट आजही मला बोचते.

दुसऱ्या दिवशी बोर्डाचा भाव काढला. साडेनऊ हजार. तेव्हा ते आमच्या दुकानाच्या दोन महिन्यांच्या भाड्यापेक्षा जास्त होते. पैसे उसने घेऊन लॅमिंग्टन रोडला गेलो. तिथे चिपा विकणारे एक काका होते, उभ्या आयुष्यात त्यांनी टीव्हीपासून कॉम्प्युटरपर्यंत सगळं दुरुस्त केलेलं. त्यांना सहज लक्षणं सांगितली. ते म्हणाले, "बोर्ड घेऊ नकोस. दिवा मोजून दोनदा लुकलुकतोय ना? म्हणजे आत कोणीतरी जागं आहे आणि तुला सांगतंय की बायोस खराब झालाय. त्याला पेन ड्राइव्हवरून खायला घाल."

काकांनी मला जे समजावलं ते असं. लॅपटॉपचं बटण दाबल्यावर सगळ्यांत आधी जो प्रोग्रॅम चालतो तो बायोस. तो हार्ड डिस्कवर नसतो, बोर्डावरच्या नखाएवढ्या आठ पायांच्या चिपमध्ये असतो. म्हणून हार्ड डिस्क बदलली, विंडोज नव्याने टाकलं तरी बिघडलेला बायोस सुधारत नाही. पण अनेक कंपन्यांनी त्या चिपमध्ये एक छोटासा भाग वेगळा राखलेला असतो, त्याला बूट ब्लॉक म्हणतात. नेहमीच्या अपडेटमध्ये तो सहसा पुसला जात नाही. पडदा पेटवण्याइतकीही ताकद त्याच्यात नसते कधीकधी. पण पेन ड्राइव्ह वाचायचा, त्यातली बायोसची फाइल ओळखायची आणि चिपवर पुन्हा लिहायची, एवढं त्याला येतं.

मी बोर्ड न घेता परत आलो.

त्या रात्री साडेआठला शटर अर्धं ओढून आम्ही दोघं बसलो. मेहुण्याच्या कॉम्प्युटरवर बायोसची फाइल उतरवली, दोन जीबीचा जुना पेन ड्राइव्ह फॅट३२ या जुन्या, साध्या मांडणीने फॉरमॅट केला. या आदिम अवस्थेत लॅपटॉपला बहुधा फॅट३२च वाचता येतं, एनटीएफएस ही विंडोजची नेहमीची मांडणी त्याला कळत नाही. फाइल टाकली, पेन ड्राइव्ह लावला, चार्जर जोडला. विंडोज आणि बी ही दोन बटणं दाबून धरली, त्याच वेळी पॉवरचं बटण दोन-तीन सेकंद दाबून सोडलं, बाकीची दोन तशीच धरून ठेवली. काही नाही. पोर्ट बदलला. काही नाही.

चूक सापडायला दीड तास गेला. एकाच नावाच्या मॉडेलमध्ये दोन वेगवेगळे बोर्ड येत होते आणि आम्ही दुसऱ्या बोर्डाची फाइल घेतली होती. अपडेटच्या आधी बायोसच्या पहिल्या पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवायची सवय होती, त्यात सिस्टिम बोर्डाचा क्रमांक होता. तो फाइलच्या नावाशी ताडून पाहिला तेव्हा उलगडा झाला. योग्य फाइल टाकली, पुन्हा बटणं धरली. पडदा काळाच, पण पेन ड्राइव्हचा लाल दिवा भराभर लुकलुकायला लागला. मेहुण्याने माझा दंड घट्ट धरला. मिनिटभर आम्ही दोघंही काही बोललो नाही. मग बीप वाजले, पंखा जोरात फिरला आणि पडद्यावर बायोस लिहिला जात असल्याची पट्टी आली. आयुष्यात पहिल्यांदा मी एका पट्टीकडे हात जोडून बसलो.

सकाळी मॅडम आल्या. लॅपटॉप चालू करून दाखवला आणि मग सगळं सांगितलं, लाईट जाण्यापासून साडेनऊ हजारांपर्यंत. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "यूपीएस कुठे आहे तुमचा?" मी दाखवला. त्या टेबलाखाली वाकल्या, वायर कुठून कुठे जाते ते हाताने पकडून पाहिलं आणि म्हणाल्या, "आधी हे टेबल त्याच्यावर घ्या. मी उभी आहे." मेहुण्याने त्यांच्यासमोर एक्स्टेंशन बोर्ड बदलला. त्या आजही आमच्याकडेच येतात. निवृत्त झाल्यात आता.

तिथून आमच्या दुकानाची शिस्त बदलली. बॅटरी किती टक्के दाखवते यावर विश्वास न ठेवता चार्जर काढून दहा मिनिटं चालवून बघायचं, मगच बायोसला हात. आणि पेन ड्राइव्हचा डबा सुरू झाला. घरातला जुना स्टीलचा डबा, त्यात प्रत्येक पेन ड्राइव्हला दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी. आम्ही मुद्दाम चार-आठ जीबीचे, दिवा असलेले पेन ड्राइव्ह जपून ठेवतो. पडदा काळा असताना लॅपटॉप फाइल वाचतोय की नुसता पंखा फिरवतोय, हे सांगणारा तो दिवा एकटाच असतो.

प्रत्येक कंपनीची तऱ्हा वेगळी, ती शिकायला वर्षं गेली. डेलच्या बऱ्याच लॅपटॉपना फाइलचं नाव ठरावीकच लागतं: बायोस, अंडरस्कोअर, आयएमजी, मग टिंब आणि आरसीव्ही. चार्जर काढायचा, कंट्रोल आणि एस्केप दाबून धरायचं आणि तसंच धरून चार्जर परत जोडायचा. यात बहुतेक जण एका क्षुल्लक ठिकाणी अडकतात. विंडोज फाइलच्या नावाची शेपटी लपवतं, त्यामुळे आपण शेवटी आरसीव्ही लिहिलं तरी खरी शेपटी ईएक्सई तशीच राहते आणि लॅपटॉपला फाइल सापडत नाही. शेपट्या दिसतील अशी सेटिंग आधी करून घ्या. काही एचपींमध्ये बी चालत नाही, तिथे व्ही धरून बघायचं. आणि फाइल नेहमी कंपनीच्याच साइटवरून घ्यायची, दुसरीकडून कधीच नाही.

२०१६मध्ये आयटीआयतूनच एक मुलगी आमच्याकडे अप्रेंटिस म्हणून आली. तिचा हात माझ्यापेक्षा स्थिर. बूट ब्लॉकच मेला असेल तर पेन ड्राइव्हचा उपयोग नसतो, तेव्हा चिपवर चिमटा लावून प्रोग्रॅमर नावाच्या छोट्या यंत्राने थेट लिहावं लागतं. हे काम आज पूर्णपणे तिचं आहे. सुरुवातीला मी एक चिप जाळली. ती १.८ व्होल्टची होती आणि मी ३.३ व्होल्ट दिले. तिने त्यानंतर नियम केला की चिपवरचा क्रमांक भिंगातून वाचून वहीत लिहिल्याशिवाय चिमटा लावायचा नाही, बॅटरी सोडवल्याशिवाय तर नाहीच. आधी जुना मजकूर दोनदा वाचायचा, दोन्ही प्रती तंतोतंत जुळल्या तरच पुढे. कारण त्याच चिपमध्ये लॅपटॉपचा सीरियल नंबर असतो, विंडोज ८पासून पुढे तर विंडोजच्या परवान्याची किल्लीसुद्धा. दुसऱ्या लॅपटॉपचा बायोस जसाच्या तसा ओतला की ते सगळं जातं. इंटेलच्या मशिनांत त्याच चिपमधला मॅनेजमेंट इंजिनचा (इंटेलच्या आतल्या नियंत्रक प्रोग्रॅमचा) भाग नीट बसला नाही, तर लॅपटॉप सुरू होतो, गिऱ्हाईक खुश होऊन घरी जातं आणि बरोबर अर्ध्या तासाने तो बंद पडतो. असे दोन लॅपटॉप आमच्याकडे दुसरीकडून आलेले आहेत.

जीएसटी, मोठा गाळा, दोन नवी माणसं, हे सगळं त्यानंतरच्या काळात झालं. त्यात सांगण्यासारखं फार नाही. लॉकडाऊनचं मात्र सांगायला हवं.

२०२०च्या उन्हाळ्यात दुकान बंद. घोडबंदर रोडच्या एका सोसायटीतून फोन आला. बाबांचं ऑफिस आणि मुलाची शाळा एकाच लॅपटॉपवर. विंडोजबरोबर आलेला बायोसचा अपडेट आपोआप सुरू झाला होता, पडदा काळा दिसला म्हणून मुलाने पॉवरचं बटण दाबून धरलं. मुलगा सातवीतला, रडून डोळे लाल झालेले, व्हिडिओ कॉलवर दिसत होतं. लॅपटॉप मागून उलटा करून स्टिकर दाखवायला सांगितलं. शेजारच्यांच्या कॉम्प्युटरवर, मास्क लावून, त्याच्या बाबांनी मी सांगेन तसा पेन ड्राइव्ह तयार केला. बटणं मुलालाच धरायला लावली. चौथ्या प्रयत्नात तो ओरडला, "काका, दिवा लागला!" मी म्हटलं, "आता हात लावायचा नाही. दोनदा-तीनदा आपोआप बंद-चालू होईल, तरीही नाही." वीस मिनिटं आम्ही तिघं फोनवर नुसते बसून होतो. त्या महिन्यांत असे सात लॅपटॉप फोनवरून उठले. दोन नाही उठले. ते जूनमध्ये दुकान उघडल्यावर चिमट्याने झाले.

हल्ली विंडोज ११मुळे हे काम वाढलं आहे. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा आधार, म्हणजे कंपनीकडून मिळणारे नेहमीचे अपडेट, संपला; त्याच्या आधीपासूनच लोक विंडोज ११ टाकता यावं म्हणून घरी बायोस अपडेट करून पाहू लागले. आता बऱ्याच नव्या लॅपटॉपमध्ये बायोसची दुसरी प्रत आतच ठेवलेली असते आणि ते स्वतःच सावरतात, ही फार चांगली सोय आहे. पण बायोस परत आल्यावर बिटलॉकर, म्हणजे डेटाला लागलेलं विंडोजचं कुलूप, ४८ आकड्यांची किल्ली मागतो आणि तिथे लोक पुन्हा कोलमडतात. एका मुलीची किल्ली तिच्या कॉलेजच्या बंद झालेल्या ईमेलवर होती. प्रबंधाची दोन वर्षांची टिपणं आत. कॉलेजच्या ऑफिसात तीन खेपा घालून तिने ते खातं पुन्हा उघडून घेतलं, तेव्हा कुठे डेटा मिळाला. म्हणून बायोसला हात लावण्यापूर्वी ती किल्ली कागदावर लिहून घ्या, हे मी प्रत्येकाला सांगतो, आमच्याकडे काम नसलं तरी.

पेन ड्राइव्हने उठणाऱ्या लॅपटॉपचे आम्ही ६०० रुपये घेतो. "मदरबोर्ड गेलाय" असं ऐकून आलेल्या माणसाकडून त्याच कामाचे सहा हजार घेता येतात, हे मला माहीत आहे. मेहुणा आणि मी त्यावर एकदा भांडलोही. त्याचं म्हणणं होतं की ज्ञानाची किंमत घ्यावी. बरोबरच आहे ते. म्हणून चिमट्याच्या कामाचे आम्ही पुरेपूर पैसे घेतो, त्यात त्या मुलीचा हात आणि नजर आहे. पण पेन ड्राइव्ह लावून पाच मिनिटं बटणं धरायचे सहा हजार माझ्याच्याने घेववत नाहीत.

तर, अपडेट चालू असताना पडदा काळा झाला तर निदान अर्धा तास थांबा. तरीही उठला नाही तर आमच्याकडे या. येताना त्याचाच चार्जर आणा आणि मागचा स्टिकर खरवडू नका. पेन ड्राइव्ह डब्यात आहेत.