तलावासाठी फायबरची बोट घेताना फूट मोजू नका, वजन करा

आपल्याकडच्या मच्छीमार संस्थेने लाकडी डोंगा सोडून फायबरची बोट घ्यायचं ठरवलं की बैठकीत पहिला प्रश्न येतो, "किती फुटी? अन् भाव काय?" व्यवहार तिथेच चुकीच्या वाटेला लागतो. १६ फुटी बोट ८० किलोतही ओतता येते आणि १४० किलोतही. दोन्हींचा रंग सारखाच चमकतो. उन्हाळ्यात पाणी मागे हटतं, बोट रोज मुरमावरून ओढावी लागते, आणि मग पातळ बोटीचा तळ चिरायला लागतो. म्हणून दरपत्रकात लांबीसोबत वजन आणि थर लिहून मागा.

पण त्याआधी आपलं पाणी कोणतं, ते ठरवा. मामा (माजी मालगुजारी) तलाव किंवा मोठ्या बोडीसाठी, म्हणजे लहान तळ्यासाठी, १० ते १२ फुटी, सपाट तळाची, चार माणसं उचलून पाळीवर ठेवू शकतील अशी बोट पुरते. तिला इंजिन लावूच नका, बांबू आणि वल्हं बस. इटियाडोह किंवा गोसीखुर्दसारख्या जलाशयाची गोष्ट वेगळी. तिथे वाऱ्याला मैलभर मोकळं पाणी मिळतं. मे महिन्यात दुपारनंतर वावधन सुटलं की लाटा उंचीने फार नसतात, पण आखूड आणि उभ्या असतात, एकामागोमाग बोटीत पाणी टाकतात. अशा ठिकाणी १६ ते १८ फूट लांबी, तळाशी नव्हे तर काठाशी मोजून किमान साडेचार फूट रुंदी आणि दोन फूट खोली धरा. माणसं, जाळी, मासळी, इंजिन सगळं चढल्यावर पाण्यापासून काठ निदान एक फूट वर राहिला पाहिजे. काठ त्याहून फार उंच केला तर जाळं ओढताना कंबर जाते, तेही खरं.

मोबाईलवर समुद्रातल्या सेंटर कन्सोल बोटी पाहून तशीच मधोमध स्टिअरिंगची बोट मागणारे आता भेटतात. त्या बोटीचा तळ मुद्दाम खोल इंग्रजी व्ही आकाराचा, मागच्या टोकालाही साधारण २० अंश किंवा त्याहून जास्त उताराचा असतो, कारण तिला खोल समुद्रातली लाट वेगात कापायची असते. त्यासाठी शंभराच्या वरचे हॉर्सपॉवर लागतात. तोच तळ आपल्या जलाशयात संथ चालला की नुसता डोलतो, आणि काठाला लागायला पाणी जास्त मागतो. मधला कन्सोल जाळं पसरायची जागा खातो, शिवाय त्याच्या कोपऱ्यात जाळं अडकतं. तिथून घेण्यासारखी गोष्ट एकच: काठाभोवती सगळीकडे मोकळं फिरता येणं. ती आपल्या साध्या बोटीतही मिळते, आडव्या पाट्या दोनच ठेवल्या तर.

जलाशयासाठी पुढे थोडा व्ही आणि मागे जवळपास सपाट होत जाणारा तळ चांगला. निव्वळ सपाट तळ सुरुवातीला फार स्थिर वाटतो, पण दोन माणसं एकाच बाजूला वाकून भरलेलं जाळं ओढू लागली की एका मर्यादेनंतर तो अचानक उलटतो, आधी इशारा देत नाही. काठ गोल आणि गुळगुळीत हवा. वर आलेला एक बोल्ट नायलॉनच्या जाळ्याचे पदर फाडायला पुरे.

आता मालाचं. फायबर म्हणजे काचेच्या तंतूंची मॅट आणि रेझिन यांचे थर. ४५० ग्रॅमच्या (चौरस मीटरला) मॅटचा एक थर रेझिन पिऊन साधारण १ मिलिमीटर जाड होतो आणि एका चौरस मीटरला जवळपास दीड किलो भरतो. तळाला ७ मिलिमीटर आणि बाजूंना ५ मिलिमीटर जाडी मागा, आणि थरांमध्ये विणलेलं रोव्हिंग, म्हणजे काचेच्या जाड धाग्यांचं कापड, असावंच. नुसत्या मॅटची जाडी भरते, पण दगडाचा धक्का रोव्हिंग सोसतं. १६ फुटी बोटीत तळ सुमारे ५ चौरस मीटर आणि दोन्ही बाजू मिळून तेवढ्याच धरा. तळाचे ५२ किलो, बाजूंचे ३८, आणि आतले कणे, पाट्या, मागची फळी मिळून आणखी ४०. म्हणजे १३० किलोच्या आसपास. काट्यावर ८० भरली तर माल कुठे कमी पडला ते उघड आहे. बोट आली की ट्रॉलीसकट धर्मकाट्यावर न्या, मग रिकामी ट्रॉली तोला आणि पावती जपून ठेवा. तळाखाली दोन-तीन लांब पट्ट्यांवर दोन थर जास्तीचे मागा. घासायचं ते त्यांनीच घासावं.

रेझिन आयसोफ्थॅलिक मागा. साधं ऑर्थो स्वस्त पडतं, पण बोट बारा महिने पाण्यात राहिली तर त्यावर फोड लवकर येतात. कारखान्यात बोट पाहायला गेलात तर रंग न दिलेल्या भागामागे टॉर्च धरा. हवेचे बुडबुडे आणि रेझिन न पोचलेले पांढरे डाग दिसतात. एक रुपयाचं नाणं घेऊन सगळीकडे ठोका: टणक आवाज ठीक, भद्द आवाज आला तर थर सुटलेत. तयार म्हणून दिलेल्या बोटीला आतून रेझिनचा उग्र वास अजून येत असेल, तर ती नीट पिकलेली नाही. भर पावसात ओतलेली बोट शक्यतो टाळा, ओलाव्याने थर नीट धरत नाहीत.

मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते दिसत नाही: तरंगण्याची सोय. लाकडी डोंगा पाण्याने भरला तरी तरंगतो. फायबर पाण्याच्या दीडपट जड, त्यामुळे आत हवाबंद जागा नसेल तर भरलेली बोट सरळ तळाला जाते, तीही पोहून काठ गाठता येणार नाही अशा ठिकाणी. हिशोब सोपा आहे. १३० किलोची बोट पाण्याखाली सुमारे ४३ किलो भरते. इंजिनाचे ४० धरा, जाळ्याची शिसं आणि सटरफटर २०. काठ धरून पाण्यात राहिलेल्या तीन माणसांचा भार प्रत्येकी १५ किलो, म्हणजे ४५. एकूण १४८. एक लिटर फोम जवळपास एक किलो उचलतो, म्हणून १५० लिटर तर लागतोच. २०० लिटर घ्या. फोम पॉलियुरेथेनचा, बंद पेशींचा हवा. थर्माकोल नको, पेट्रोल लागलं की विरघळतो. काहीच मिळालं नाही तर २० लिटरचे दहा घट्ट झाकणाचे कॅन कप्प्यांत पक्के बसवा.

जागाही तितकीच मोलाची. सगळा फोम तळाशी भरला तर पाणी भरल्यावर तळ वर यायला बघतो आणि बोट उलटते. बराचसा फोम दोन्ही बाजूंना, काठाच्या लगेच खाली असू द्या. शेवटचा हप्ता देण्याआधी कमरेएवढ्या पाण्यात बूच काढून बोट पूर्ण भरा, इंजिनाच्या जागी तेवढ्या वजनाचं वाळूचं पोतं ठेवा, आणि तीन माणसं काठाला धरून उभी करा. बोट सरळ तरंगली तरच पैसे.

मागची फळी, म्हणजे ट्रान्सम, आयएस ७१० चा मरीन प्लाय हवा, दोन फळ्या चिकटवून साधारण ३८ मिलिमीटर. बहुतेक बोटी इथूनच सडतात. कुणीतरी बूच किंवा बोल्टसाठी भोक पाडतं, आतला प्लाय उघडा राहतो, पाणी मुरतं. प्रत्येक भोकाच्या आतून रेझिन लावा, मग सीलंट भरून बोल्ट घाला. इंजिन वर उचलून खालच्या टोकाला धरून हलवा. फळी लचकली तर बोट परत करा.

इंजिन घेण्याआधी फळीची उंची मोजा. शाफ्ट म्हणजे इंजिनापासून पंख्यापर्यंतचा दांडा. आखूड शाफ्टला १५ इंच, लांब शाफ्टला २० इंच. पंख्यावरची आडवी पाती बोटीच्या तळाच्या रेषेत किंवा इंचभर खाली बसली पाहिजे. वर राहिली तर पंखा हवा ओढतो, इंजिन नुसतं ओरडतं. फार खाली गेली तर बुडालेल्या झाडांच्या खुंटांना पंखा आधी लागतो. १६ फुटी भरलेली बोट पाणी कापत तासाला साडेनऊ किलोमीटरच्या आसपास जाते आणि तिथे ५ हॉर्सपॉवर पुरतात. त्यापुढे वेग हवा तर बोटीने पाण्यावर चढायला हवं, आणि चार माणसं व जाळी घेऊन ९.९ चं इंजिन ते करत नाही, नुसतं पेट्रोल पितं. टू-स्ट्रोकला ५० ला १, म्हणजे १० लिटर पेट्रोलला २०० मिलिलिटर तेल. थंड करणाऱ्या पाण्याची धार मागून पडते की नाही ते सतत बघा. जलपर्णीत तोंड बुजलं की धार आधी बारीक होते, तेव्हाच बंद करून साफ करा. बुडालेल्या झाडांच्या खुंटांसाठी, पंख्याला शिअर पिन (धक्का बसला की स्वतः तुटून पंखा वाचवणारी खीळ) असेल तर चार पिना, स्प्लिट पिन आणि पक्कड डब्यात असू द्या. वल्ही दोन, इंजिन असलं तरी.

प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत सर्वसाधारण गटाला ४० टक्के आणि अनुसूचित जाती-जमाती व महिलांना ६० टक्के, असं अनुदानाचं प्रमाण आहे. अनुदानातून घ्या किंवा संस्थेच्या पैशातून, दरपत्रकात "एफआरपी (म्हणजे फायबरची) बोट, १६ फूट" एवढंच लिहून चालणार नाही. वजन, तळाची व बाजूची जाडी, रेझिनचा प्रकार, फोमचे लिटर आणि जागा, ट्रान्समचा प्लाय, आणि पाणी भरून चाचणी, हे सगळं लिहून घ्या. सोबत दोन किलो रेझिन, हार्डनर आणि दोन मीटर मॅट मागून ठेवा. तळाला खरचटून मॅट दिसू लागली की सुकवून, खरवडून त्याच आठवड्यात भरा. हार्डनर रेझिनच्या एक ते दोन टक्के, पण आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात एक टक्काच, तोही पहाटे सावलीत. नाहीतर डब्यातच दगड होतो.