न्यूपोर्टची ती रात्र, जशी वाजली तशी

अमेरिकन जॅझ बँडप्रमुख ड्यूक एलिंग्टनच्या न्यूपोर्ट जॅझ महोत्सवातल्या मैफलीचा विषय निघाला की बोलणं त्याच्या बँडमधल्या पॉल गोन्साल्विसवर जातं. जायलाच हवं. 7 जुलै 1956च्या रात्री त्याने टेनर सॅक्सोफोनवर बारा बारच्या, म्हणजे बारा तालखंडांच्या, ब्लूजची सलग 27 आवर्तनं घेतली. पण माझा जीव अडकलाय तो त्याच रात्री, त्याच्या आधी वाजलेल्या 'न्यूपोर्ट जॅझ फेस्टिव्हल स्वीट'मध्ये. एलिंग्टन आणि त्याचा साथीदार संगीतकार बिली स्ट्रेहॉर्न यांनी खास त्या महोत्सवासाठी बांधलेली ही तीन भागांची रचना.

तालीम पुरेशी झाली नव्हती. एलिंग्टनचं समाधान झालं नाही. म्हणून बँडने ती दोन दिवसांनी स्टुडिओत पुन्हा वाजवली, वर टाळ्या जोडल्या गेल्या आणि एलपी निघाली. चाळीसहून जास्त वर्षं रसिकांनी तीच स्टेजवरची समजून ऐकली.

मी ठाण्यात, बहुतेक वेळा गडकरी रंगायतनला, नाट्यसंगीताच्या कार्यक्रमांना साउंड करतो. तान घेताना गायिका ऑर्गनवाल्याकडे मान वळवते आणि तिचा आवाज क्षणभर तबल्याच्या माइकमधून येतो. नंतर नुसतं रेकॉर्डिंग ऐकलं तरी ती कुणाकडे बघत होती ते कळतं. असं काही मी कधीच पुसत नाही.

न्यूपोर्टला गोन्साल्विस एलपी काढणाऱ्या कोलंबिया कंपनीच्या नव्हे, व्हॉइस ऑफ अमेरिका या रेडिओच्या माइकसमोर उभा राहिला, त्यामुळे एलपीवर तो लांबून ऐकू येतो. पुढे व्हॉइस ऑफ अमेरिकाची फीत सापडली आणि 1999 साली जॅझचे अभ्यासक फिल शाप यांनी कोलंबियाची आणि ही अशा दोन्ही मोनो, म्हणजे एकेका चॅनेलच्या, फिती जुळवून डबल सीडीवर स्टिरिओ आवृत्ती काढली. दोन वेगळ्या यंत्रांवरच्या फिती! वेगात केसभर फरक असला तरी काही मिनिटांत वाद्यं एकमेकांपासून सुटतात. हे काम किती चिकाटीचं असेल, ते मिक्सरवर बसणाऱ्याला विचारा.

त्या डबल सीडीवर स्टेजवरचा स्वीटही आहे आणि स्टुडिओतलाही. स्टुडिओतला नेटका आहे, चुका कमी आहेत. तरी मी स्टेजवरचाच लावतो. तिथे बँड किती रुंद बसलाय ते कानांना कळतं, आणि नवीन रचना पहिल्यांदाच लोकांसमोर ठेवताना वादकांच्या अंगात येणारी सावध धार त्यात आहे. ती दोन दिवसांनी पुन्हा आणता येत नाही. 'फेस्टिव्हल जंक्शन'मधलं जिमी हॅमिल्टनचं क्लॅरिनेट हेडफोन लावून ऐका. आधी स्टेजवरचं, मग स्टुडिओतलं.