दुनळी रायफलचे पैसे नक्की कुठे जातात?

कारखान्याच्या टूलरूममध्ये आयुष्य गेलं, त्यामुळे कुठल्याही वस्तूची किंमत ऐकली की माझा पहिला प्रश्न: यात फाईलकाम, म्हणजे कानशीने घासणं, किती? लंडनच्या हॉलंड अँड हॉलंड या बंदुका बनवणाऱ्या कंपनीची नवी दुनळी रायफल एक लाख पौंडांच्या वर जाते. लोकांना वाटतं, सगळे पैसे नक्षीचे. नक्षीचे आहेत, अक्रोडाच्या दस्त्याचेही आहेत. पण खरी मेख नळ्यांच्या तोंडाशी आहे.

दोन नळ्या समांतर जोडल्या तर उजवीची गोळी उजवीकडे जाते, डावीची डावीकडे, कारण गोळी नळीत असतानाच धक्क्याने बंदूक त्या बाजूला वळू लागते. म्हणून नळ्या पुढे एकमेकींकडे किंचित झुकवतात. किंचित म्हणजे किती, हे नुसत्या ड्रॉइंगवर ठरत नाही. कारागीर तोंडाशी दोन नळ्यांमध्ये पाचर घालून सोल्डर करतो, रेंजवर दोन्ही बार काढतो, कागदावरची भोकं बघतो. मग परत सोल्डर तापव, पाचर केसभर सरकव, पुन्हा रेंज. दोन्ही गोळ्या पन्नास-शंभर यार्डांवर शेजारी पडेपर्यंत हेच. या कामाचा तास कसा लावायचा, सांगा!

मागचं फिटिंग मात्र आपल्या ओळखीचं. दोन भाग नीट टेकतात का हे आपण निळा रंग (ब्लू) लावून बघतो, ते दिव्याची काजळी धरतात. नळ्या बसवायच्या, काढायच्या, काळा डाग उमटला तिथेच फाईल मारायची. कुलपं (बार उडवणारी यंत्रणा) दोन, चाप दोन, म्हणजे हेही दुप्पट.

एवढं करून बंदूक जुळते एकाच काडतुसाला. .470 मापाची असेल तर 500 ग्रेनची (ग्रेन हे वजनाचं छोटं माप) गोळी आणि 75 ग्रेन कॉर्डाइट ही जुनी दारू, हे नळ्यांच्या बुडाशी ठोकलेलंच असतं. हिंदुस्थानच्या उन्हात कॉर्डाइटचा दाब वाढायचा, म्हणून इकडे कमी दारूची वेगळी काडतुसं यायची. त्यात इंग्रज सरकारने इथे .450 बोअरवर बंदी घातली आणि 1907च्या सुमारास .470, .465 अशी नवी मापं निघाली. प्रत्येक मापाचा रीमर (भोक नेमक्या मापाचं करणारं हत्यार) वेगळा, गिऱ्हाईक मोजके राजे-महाराजे. (1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार थांबली, बरंच झालं.)

जुनी दुनळी लिलावात त्यामानाने स्वस्त मिळते, पण कॉर्डाइटची काडतुसं आता कोणी बनवत नाही. नव्या दारूचं वजन कमीजास्त करत, दोन्ही नळ्यांना मानवेल असा भरणा घेणाऱ्यालाच शोधत बसावं लागतं.