चहाला गेले आणि अध्यक्ष बदलला

परवा रविवारी सकाळी मी आमच्या नाट्यसंस्थेच्या गोडाऊनसमोर पाऊण तास नुसता उभा होतो. शटरला दोन कुलुपं. एक जुनं पितळी, त्याची एक किल्ली गेली नऊ वर्षं माझ्या गाडीच्या किल्लीला अडकवलेली आहे, आणि दुसरं नवंकोरं, वरचा स्टिकरसुद्धा काढलेला नाही. आत आमचे पार म्हणजे स्टेजचे दिवे, ते कमीजास्त करायचा डिमर, दोन ट्रंका कपडेपट, मागच्या नाटकाचा जिना. बाहेर मी, हातात तालमीसाठी आणलेली सुतळी आणि खिळ्यांची पुडी.

आमचं शहर सांगली. इथे १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी नाटक केलं हे तुम्हाला इथला रिक्षावालासुद्धा न विचारता सांगेल. संस्था कुठली ते लिहित नाही, ज्यांना कळायचं त्यांना कळलंच असेल.

भांडण सुरू झालं वार्षिक सभेत. आमच्याकडे सभेला माणसं कधीच पुरी येत नाहीत, त्यामुळे कोरम नाही म्हणून सभा अर्धा तास तहकूब करायची आणि त्याच जागी परत भरवायची, मग कोरम लागत नाही, ही पद्धत वर्षानुवर्षं चालू आहे. यंदाही तहकूब झाली. सर, म्हणजे आमचे जुने अध्यक्ष, आणि त्यांची सात-आठ माणसं समोर चहाला गेली. चहावाल्याकडे गर्दी होती की काय देवाला माहीत, पण ती मंडळी परत आली तेव्हा नवीन कार्यकारिणी निवडून झालेली होती, प्रोसिडिंग बुकात सह्यासुद्धा पडलेल्या. सर म्हणतात अर्धा तास झालाच नव्हता. नवे अध्यक्ष म्हणतात घड्याळ बघा. दोघांची घड्याळं वेगळी, आता काय बघणार!

मग रीतसर जे व्हायचं ते झालं. कार्यकारिणी बदलली की नव्वद दिवसांत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट द्यावा लागतो, तो नव्यांनी दिला, जुन्यांनी त्यावर हरकत घेतली, आणि अशा हरकती लवकर निकाली निघत नाहीत हे तिथल्या वकिलांनी आम्हाला पहिल्याच दिवशी हसत हसत सांगितलं. बँकेकडे दोन्ही बाजूंची पत्रं गेली, बँकेने खातं थांबवलं. मांडववाल्याचं बिल तसंच.

आणि आम्ही? म्हणजे गेटवर उभे राहणारे, सेट लावणारे, विंगेत टॉर्च धरणारे, मध्यंतरात वडापावचा हिशोब ठेवणारे? आम्ही व्हॉट्सॲपवर हात जोडलेले इमोजी टाकले. "आपण कामाची माणसं, राजकारणात पडायचं नाही" हे वाक्य मी स्वतः तीनदा टाईप केलंय, एकदा तर रात्री साडेबाराला.

पण पडायचं नाही म्हणून चालतंय होय? राज्य नाट्य स्पर्धा तोंडावर आली आणि दोन्ही गटांनी आपापलं नाटक करायचं ठरवलं. दोन नाटकं, दोन दिग्दर्शक, पण लाईटवाले मामा एकच, कपडेपटाच्या मावशी एकच आणि जिना पण एकच. एकाच संध्याकाळी मला सहा वाजता सरांचा फोन, "तू येतोयस ना रे तालमीला", आणि सव्वासहाला नव्या अध्यक्षांचा, "दादा, तुमच्याशिवाय सेट उभा राहायचा नाही." दोघांनाही मी बघतो म्हटलं आणि गाढवासारखा घरी बसून राहिलो. सरांनीच मला पंधरा वर्षांपूर्वी पहिल्यांदा स्टेजवर झाडू मारायला लावला होता, त्यांना नाही म्हणायला जीभ उचलत नाही. आणि खरं सांगू का, नवी मंडळी जे म्हणतात की हिशोब कधी वेळेवर मांडला गेला नाही, ते काही खोटं नाही. वडापावचे पैसे मीच वर्षानुवर्षं पाकिटात घालून दिलेत, पावती कधी मागितली नाही. मागायची असते हे डोक्यातच आलं नाही.

शेवटी मावशींच्या गच्चीवर आम्ही जमलो, बावीस जण. कुणीतरी संस्थेच्या घटनेची झेरॉक्स आणली होती, पिवळी पडलेली. सभासदाला मत, ज्याची वर्गणी थकली त्याला मत नाही, एवढं साधं लिहिलेलं. मग मावशींनी विचारलं, "तुमच्यातले सभासद किती?" चार हात वर झाले. त्यातल्या दोघांची वर्गणी थकलेली. माझा हात खालीच होता. मावशी म्हणाल्या, "मेल्यांनो, घर झाडता आणि रेशनकार्डावर नाव नाही!" आम्ही हसलो, पण मला ते फार लागलं. आम्ही ज्याला साधेपणा म्हणत होतो तो आळस होता, आणि आम्ही बावीस जण सभासद होऊन त्या सभेला बसलो असतो तर कोरमचं आणि चहाचं हे नाटक झालंच नसतं.

मग पत्र लिहायला घेतलं. मायन्यावरच पाऊण तास गेला, कारण "माननीय अध्यक्ष" लिहिलं की कुणाला, हा प्रश्न. शेवटी "कार्यकारिणीतील सर्व मान्यवरांस" असं लिहून वर कुणाचंच नाव टाकलं नाही. मागणं दोनच. गोडाऊन दोन्ही बाजूंच्या समोर उघडा आणि सामानाची यादी करून दोघांनी सह्या करा. आणि वाद मिटेपर्यंत संस्थेच्या नावावर एकच नाटक करा, दोन केलीत तर आम्ही एकाही विंगेत नाही. हे दुसरं लिहिताना मामांचा आवाज बसला होता, माणसाने १९८८ पासून एक स्पर्धा चुकवलेली नाही. पण सही त्यांनीच पहिली केली.

चार दिवस शांतता. सरांनी फोन उचलला नाही, नव्या गटातल्या एकाने "तुम्हाला कोण फूस लावतंय" असं विचारलं. पाचव्या दिवशी दोघांकडून निरोप आला, रविवारी या. म्हणून मी तिथे पाऊण तास उभा.

आले दोघंही, अकराच्या पुढे, एकमेकांकडे न बघता. दोन कुलुपं निघाली. यादी मी मोठ्याने वाचत होतो, मावशी टिक करत होत्या. पार सहा, त्यातला एक फुटका. डिमर एक. दाढ्या अकरा. सरांनी मधेच म्हटलं, "तो जिना मी केलाय," नवे अध्यक्ष म्हणाले, "पैसे माझ्या वडिलांनी दिलेत," मग दोघंही गप्प झाले. नाटक कुठलं करायचं ते अजून ठरलेलं नाही, यंदा बहुतेक एकही होणार नाही.

निघताना मी वर्गणी काढली. पावती कुणाकडून घ्यायची म्हणून दोघांकडे बघितलं, दोघांनीही लगेच पुस्तक काढलं. मी दोनदा वर्गणी भरली. माझ्याकडे एकाच वर्षाच्या दोन पावत्या आहेत, दोन्हींवर अध्यक्ष म्हणून सही आहे, आणि एकीवर माझं आडनाव चुकलंय.